नेपिअर-मारवेलला युरिया कधी, किती आणि कसा: सोलापूरच्या जमिनीसाठी टप्प्याटप्प्याने

चाऱ्याच्या गवताला युरिया किती टाकता, असं विचारलं की आपल्याकडे उत्तर पोत्यात येतं. "कापणी झाली की एकरी एक पोतं फोडतो." आठवड्याभरात गवत काळंशार दिसतं, त्यामुळे पद्धत बरोबरच वाटते. पण कापून वजन केलं तर अर्ध्या पोत्यावरचा शेजारचा प्लॉट तेवढाच भरतो. मग उरलेला युरिया गेला कुठे?

सोलापूर जिल्ह्यातल्या बहुतेक जमिनी चुनखडीच्या आहेत आणि त्यांचा सामू (पीएच) ८ च्या वर आहे. अशा जमिनीवर युरिया उघडा पडला आणि वर ऊन असलं, की दोन-तीन दिवसांत त्यातल्या नत्राचा मोठा वाटा अमोनिया होऊन हवेत जातो. नीम कोटिंग आहे म्हणून निर्धास्त राहू नका. निंबोळीचं तेल जमिनीत अमोनियमचं नायट्रेट होणं लांबवतं. पृष्ठभागावरून उडणारा अमोनिया ते थांबवत नाही. अमोनियम सल्फेट वापरल्यानेही सुटका होत नाही, कारण चुनखडीत त्याचाही अमोनिया उडतो. खत कुठलंही आणा, ते मातीआड जायला हवं आणि त्यावर वेळेत पाणी फिरायला हवं. पुढचे टप्पे याच दोन गोष्टींभोवती आहेत.

हा लेख मुख्यतः ओलिताच्या बहुवार्षिक गवतासाठी आहे: फुले जयवंत, फुले गुणवंत, को-४, को-५, डीएचएन-६ किंवा सुपर नेपिअर हे नेपिअरचे वाण, तसंच फुले गोवर्धनसारखा मारवेल. माळरानावरच्या कोरडवाहू गवताचं गणित निराळं आहे, ते टप्पा ७ मध्ये आहे.

टप्पा १: दुकानात जाण्याआधी चार गोष्टी हातात घ्या

पहिली, क्षेत्र. गवताचा तुकडा "असेल अर्धा एकर" असा सांगितला जातो आणि मोजल्यावर १३ गुंठे निघतो. टेप घेऊन मोजा. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठे म्हणजे एकर. पुढची सगळी मात्रा या आकड्यावर उभी आहे.

दुसरी, माती परीक्षण. नमुना खत टाकण्याआधी घ्या, टाकल्यावर नाही. बांधालगत, झाडाखाली, जुन्या उकिरड्याच्या जागी किंवा जनावरं बांधली होती तिथे खड्डा घेऊ नका. आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून कडेची माती खरवडा, एकत्र मिसळा आणि अर्धा किलो पाठवा. अहवालात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुना हे चार आकडे आधी बघा. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर जमीन नत्राला कमी धरतात. आपल्याकडे ते कमीच येतं, त्याने दचकू नका आणि त्या एका आकड्यावरून मात्राही दुप्पट करू नका.

तिसरी, पाण्याचा अहवाल. हा बहुतेक जण करतच नाहीत. उसाच्या पट्ट्यातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेट असू शकतं. अहवालात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅम आलं, तर त्यात नत्र १० मिलिग्रॅम असतं (नायट्रेटचा आकडा ४.४ ने भागा). एकराला दोन इंची पाणी दिलं की सुमारे दोन लाख लिटर पाणी जातं, म्हणजे त्यातून दोन किलो नत्र फुकट मिळालं. कापणी ते कापणी पाच पाण्यात दहा किलो झालं. पुढे दिसेल की अर्ध्या पोत्या युरियात एवढंच नत्र असतं! ज्याच्या पाण्यात नायट्रेट आहे, त्याने शेजाऱ्याची मात्रा बघून युरिया टाकू नये.

चौथी, शेणखत. एक टन चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र पाच किलोच्या आसपास असतं, पण पहिल्या वर्षी त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा पिकाला मिळतो. एकरी पाच टन टाकलं तर पहिल्या वर्षी आठ किलो धरा. उरलेलं पुढच्या वर्षांत मिळत जातं, म्हणून शेणखत दरवर्षी पडणं महत्त्वाचं.

> तपासणी: क्षेत्र गुंठ्यात, मातीचा सामू, पाण्यातलं नायट्रेट, यंदा पडलेलं शेणखत. हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर नसतील तर पुढचा हिशेब अंदाजावर जाईल.

टप्पा २: मात्रा काढणे

युरियात नत्र ४६ टक्के. आताचं पोतं ४५ किलोचं आहे, ५० चं नाही. बरेच जण अजून जुन्याच हिशेबाने चालतात. म्हणजे एका पोत्यात सुमारे २०.७ किलो नत्र आणि अर्ध्या पोत्यात दहा किलोच्या थोडं वर. अमोनियम सल्फेटचं ५० किलोचं एक पोतं आणि युरियाचं अर्धं पोतं नत्राला सारखंच.

संकरित नेपिअरची प्रचलित शिफारस अशी: लागवडीला हेक्टरी ५० किलो नत्र, ४० किलो स्फुरद, २० किलो पालाश आणि प्रत्येक कापणीनंतर हेक्टरी २५ किलो नत्र. एकरात उतरवलं तर कापणीमागे १० किलो नत्र, म्हणजे अर्धं पोतं. गुंठ्याला साडेपाचशे ग्रॅम. दहा गुंठ्यांच्या तुकड्याला साडेपाच किलो पुरे, तिथे अर्धं पोतं रिकामं करणारे कमी नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ हेक्टर आणि एकर यांत होतो. शिफारस हेक्टरी लिहिलेली असते, शेतकरी ती एकरी वाचतो आणि अडीचपट खत टाकून मोकळा होतो. माहितीपत्रक हातात आलं की आधी हा शब्द शोधा.

आता प्रश्न, अर्धं पोतं पुरतं का? याचं उत्तर कापलेल्या वजनात आहे. एक गुंठा नीट मोजून कापा, काट्यावर टाका आणि ४० ने गुणा. नेपिअरच्या हिरव्या चाऱ्यात कोरडं वजन साधारण पाचवा हिस्सा असतं आणि प्रथिनं नऊ टक्क्यांच्या आसपास धरली, तर एक टन हिरवा चारा शेतातून पावणेतीन ते तीन किलो नत्र घेऊन जातो. गुंठ्याला १५० किलो म्हणजे एकरी सहा टन, नत्र गेलं सतरा-अठरा किलो. गुंठ्याला २५० किलो म्हणजे दहा टन, नत्र गेलं अठ्ठावीस किलो. आपण परत दिलं दहा.

फरक कोण भरतं? जमीन. म्हणून नवीन लावलेलं नेपिअर पहिली दोन वर्षं कमी खतातही जोरात येतं आणि तिसऱ्या वर्षी प्लॉट खाली बसतो. लोक बियाण्याला दोष देतात, नवीन जातीच्या कांड्या आणतात आणि त्याच उपाशी जमिनीत लावतात.

माझा व्यवहार असा सांगतो: एकरी सहा टनांपर्यंत कापणी असेल आणि दरवर्षी पाच टन शेणखत पडत असेल तर अर्धं पोतं पुरे. आठ-दहा टन काढत असाल तर पाऊण पोतं, पण दोन हप्त्यांत. एका कापणीला एक पोत्याच्या वर जायचं कारण मला कधी सापडलेलं नाही. पाण्यातून किंवा गोठ्याच्या धुवणातून येणारं नत्र यातून वजा करा. गोमूत्रातलं नत्र बरंचसं युरियाच्याच रूपात असतं, त्यामुळे गोठ्याचं पाणी थेट नेपिअरच्या सरीत सोडत असाल तर त्या बाजूच्या सऱ्यांना वेगळा युरिया लागत नाही. त्या सऱ्या बघा, त्या आधीच काळपट असतात.

आणखी दोन हिशेब, कारण प्रश्न नेहमी येतो. दोनशे लिटर जीवामृताच्या पिंपात शेण, गोमूत्र आणि बेसन मिळून नत्र पाव किलोही भरत नाही. चार टक्क्यांच्या नॅनो युरियाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत नत्र २० ग्रॅम असतं. त्यांचे जे काही फायदे असतील ते असोत, पण दहा टन चारा नेणाऱ्या पिकाचं नत्र त्यातून भरून निघत नाही.

टप्पा ३: लागवडीच्या वेळी

इथे फार चुका होत नाहीत, म्हणून थोडक्यात. कुळवाच्या शेवटच्या पाळीआधी शेणखत पसरून मिसळा. सरीत एकरी दोन पोती सिंगल सुपर फॉस्फेट (१६ किलो स्फुरद) आणि १३ किलो म्युरेट ऑफ पोटॅश टाकून मातीआड करा, मग ९० बाय ६० सेंटीमीटरवर दोन डोळ्यांच्या कांड्या किंवा ठोंब लावा. सुपरऐवजी डीएपी वापरलं तर ३५ किलो पुरतं आणि त्यातून सहा किलो नत्र येतं, तेवढं युरियातून कमी करा.

युरिया कांडीसोबत टाकू नका. कोंब येईपर्यंत मुळं नसतात, तोवर तो वाया जातो आणि कांडीला लागून पडला तर डोळा करपतो. लागवडीचं एक पोतं दोन भागांत द्या: अर्धं तीन-चार आठवड्यांनी पहिल्या खुरपणीनंतर, अर्धं त्यानंतर महिन्याभराने भर देताना.

युरिया आणि सुपर फॉस्फेट मिसळून रात्रभर ठेवलं की त्याचा चिखल होतो. मिसळायचंच असेल तर टाकण्याच्या वेळी मिसळा.

टप्पा ४: कापणीनंतरचा क्रम

सगळं यश-अपयश इथे ठरतं. क्रम असा ठेवा.

१. कापणी जमिनीपासून सुमारे १५ सेंटीमीटर सोडून करा. खरडून कापलं तर खालचे डोळे जातात आणि मग कितीही युरिया टाकला तरी बेट फुटत नाही.

२. पाला, वाळकी पानं, अर्धवट तुटलेल्या काड्या सरीतून बाहेर काढा. ही फक्त स्वच्छता नाही. वाळक्या पाल्यावर युरिया फोडणारं विकर (एन्झाइम) मातीपेक्षा जास्त असतं. पाचटावर पडलेला युरिया तिथल्या तिथे अमोनिया होऊन जातो, मातीपर्यंत पोहोचतच नाही.

३. तण काढा. आधी खुरपणी, मग खत. उलट केलं तर हरळी आणि लव्हाळा पहिला घास घेतात.

४. चार ते सात दिवस थांबा. कापलेलं बेट पहिले काही दिवस बुडख्यातल्या साठ्यावर कोंब काढतं, मुळं तेव्हा फारसं उचलत नाहीत. कोंब बोटभर दिसले की वेळ झाली. कापणीच्या दिवशीच संध्याकाळी युरिया फेकण्याची सवय सोडा. तिचं एकच कारण असतं, मजूर त्या दिवशी रानात असतात.

५. वाफसा बघा. बेटापासून वीतभर अंतरावर, सरीच्या कडेने दोन इंच खोल चर कुदळीने किंवा हातकोळप्याने ओढा. त्यात युरिया सोडा आणि पायाने माती लोटा. दोन इंच मातीआड गेलेल्या युरियाचा अमोनिया माती बराचसा धरून ठेवते.

६. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हलकं पाणी द्या. हलकं म्हणजे इंचभर. सरी तुडुंब भरून दोन दिवस पाणी साचलं तर काळ्या जमिनीत दुसराच तोटा सुरू होतो: हवा कोंडते आणि नायट्रेटचा वायू होऊन जातो. अमोनियापासून वाचवलेलं नत्र असं हातचं जातं.

> धोका: ओल्या जमिनीवर युरिया फेकून पुढे तीन-चार दिवस पाणी न देणं, ही सर्वांत महागडी पद्धत. युरिया विरघळायला पुरेशी ओल आहे, खाली न्यायला पाणी नाही आणि वर ऊन आहे. "ओल होती, म्हणून टाकला" हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकतो.

मजूर नाहीत, चर ओढणं शक्य नाही, असं असेल तर जमीन वरून कोरडी असताना, ऊन कलल्यावर, पानांवर ओल नसताना फेका आणि लगेच मागून पाणी सोडा. कोरड्या मातीवर कोरडा युरिया काही तास सुरक्षित असतो. दव असताना फेकला तर दाणे कोंबाच्या पोंग्यात चिकटून पानं जळतात.

जमिनीला भेगा पडल्या असतील तर आधी एक पाणी द्या, भेगा मिटू द्या आणि वाफशावर खत द्या. भेगेतून खाली गेलेला दाणा मुळांच्या हाती लागत नाही.

कालव्याचं पाणी असलेल्यांसाठी वेगळं सांगतो. उजनी धरणाचं आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, तुमच्या कापणीची वाट बघत नाही. कापणी होऊन सात दिवस झाले आणि पाळी अजून दहा दिवस लांब असेल, तर युरिया घरात राहू द्या. पाळी आली की द्या. दहा दिवस उशिरा दिलेला युरिया थोडं उत्पादन कमी करतो. दहा दिवस उन्हात पडलेला निम्मा तरी कामाचा राहतो की नाही, याची खात्री नसते. पुढच्या वेळेपासून कापणीच पाळीच्या पाच-सहा दिवस आधी येईल असा क्रम लावा.

पावसावर भरवसा ठेवून टाकणार असाल तर किमान १०-१५ मिलिमीटरची सर हवी. दोन-तीन मिलिमीटरची भुरभुर ही पाऊस न पडण्यापेक्षा वाईट.

शेणाच्या स्लरीत युरिया कालवून रात्रभर ठेवण्याची एक पद्धत सध्या फिरते आहे. शेणातही युरिया फोडणारं विकर असतं. सकाळी पिंपाचं झाकण काढल्यावर डोळ्यांना झोंबतं ते तुमचं नत्र आहे.

टप्पा ५: ठिबकवर असेल तर

ठिबकवाल्यांचं काम सोपं आहे, पण घाईत बिघडतं. एकरी अर्ध्या पोत्याचा २२ किलो युरिया एकदम न देता तीन भाग करा: कापणीनंतर पाचव्या, बाराव्या आणि एकोणिसाव्या दिवशी सात-साडेसात किलो. पंचेचाळीस दिवसांच्या कापणीला शेवटच्या हप्त्यानंतर साडेतीन आठवडे उरतात. हे अंतर टप्पा ८ मधल्या धोक्यासाठी लागतं.

पाण्याच्या वेळेचे तीन भाग धरा. पहिल्या भागात साधं पाणी, मधल्या भागात व्हेंचुरी (पाण्यासोबत खत ओढून घेणारं साधन) किंवा टाकीतून खत, शेवटच्या भागात पुन्हा साधं पाणी. शेवटचं पाणी नळ्या धुण्यापुरतं, पंधरा-वीस मिनिटं. "खत खाली जिरू दे" म्हणून आणखी तीन तास मोटर चालू ठेवली तर ते खरंच खाली जातं, मुळांच्याही खाली. बोअरच्या डिलिव्हरीला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर लाइट गेल्यावर खताचं पाणी उलटं बोअरमध्ये उतरतं. तेच पाणी पुढे आपण आणि जनावरं पितो.

> धोका: युरियाच्या पाण्याचं पिंप गोठ्याजवळ उघडं ठेवू नका. तहानलेलं जनावर ते पाणी समजून पितं. थरथर, तोंडाला फेस, पोटफुगी आणि थोड्याच वेळात मृत्यू. फुटलेलं पोतं चाटूनही हेच होतं.

टप्पा ६: पिवळं दिसलं म्हणून युरिया वाढवण्याआधी

चुनखडीच्या जमिनीत गवत पिवळं पडण्याची कारणं किमान तीन आहेत आणि त्यांतलं एकच युरियाने बरं होतं.

खालची, जुनी पानं शेंड्याकडून मधल्या शिरेने पिवळी होत आली आणि वरची हिरवी असतील, तर नत्र कमी आहे. वरची कोवळी पानं पिवळी-पांढरी, पण शिरा हिरव्या, अशा पट्ट्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. चुनखडी आणि जास्त पाणी यांच्या जोडीने ती येते. इथे युरिया टाकून पाणी वाढवलं की आणखी बिघडतं. पाणी ताणा आणि अर्धा टक्का फेरस सल्फेट, म्हणजे दहा लिटरला ५० ग्रॅम, थोड्या लिंबाच्या सत्वासोबत संध्याकाळी फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. कोवळी पानं एकसारखी फिकट असतील, शिराही फिकट, तर गंधक बघा. तिथे युरियाऐवजी अमोनियम सल्फेट दिलं की नत्र आणि गंधक दोन्ही भागतं.

खात्री करायची सर्वांत स्वस्त युक्ती: प्रत्येक प्लॉटमध्ये एक सरी बिनयुरियाची ठेवा आणि एका सरीला दीडपट द्या. दोन्हींना खुंट्या ठोका. तीन आठवड्यांनी बघा. दीडपटीची सरी बाकीच्या प्लॉटसारखीच दिसत असेल तर तुमची मात्रा पुरेशी आहे. बिनयुरियाचीही सरी तशीच दिसत असेल, तर नत्र पाण्यातून किंवा शेणखतातून येतंय आणि तुम्ही पोती उगाच फोडताय. खुंट्या पुढच्या कापणीला दुसऱ्या सरीवर हलवा.

टप्पा ७: ऋतू आणि रान बघून बदल

डिसेंबर-जानेवारीत रात्री गार असतात, नेपिअर जवळपास थबकतं. त्या कापणीला मात्रा निम्मी करा किंवा एक हप्ता सोडून द्या. फेब्रुवारीत ऊन चढू लागलं की पूर्ण मात्रेवर या. एप्रिल-मेमध्ये, पारा ४२ च्या वर असताना, युरिया फक्त संध्याकाळी आणि पाणी हाताशी असेल तरच. पाणी कमी पडणार हे दिसत असेल तर मे महिन्यातला हप्ता पूर्ण टाळा. तहानलेल्या गवताला नत्र देणं म्हणजे पुढच्या टप्प्यातल्या विषबाधेला आमंत्रण.

जून-जुलैत आपल्याकडचा पाऊस दगा देतो आणि खरा भरवसा सप्टेंबरचा असतो, हे माळरानावरच्या अंजन, पवना, मारवेलसाठी लक्षात ठेवा. पहिल्या पावसाला खत फेकू नका. दुसरा चांगला पाऊस होऊन गवत हिरवं धरलं की एकरी दहा किलो युरिया, आणि ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या पावसात फुटवे जोरात असतील तर आणखी दहा-बारा किलो. मध्ये खंड पडला तर दुसरा हप्ता देऊच नका. मुरमाड, चार बोटं मातीच्या रानात तर मी युरियावर पैसे घालण्याआधी स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचं बी फोकीन.

गवतात दशरथ घास, स्टायलो किंवा लसूणघास मिसळली असेल तर कापणीमागचा युरिया बंद किंवा निम्मा. युरिया जास्त झाला की गवत उंच होऊन शेंगवर्गीय पिकाला सावलीत मारतं. शिवाय नत्र आयतं मिळालं की त्याच्या मुळांवरच्या गाठी काम थांबवतात. निव्वळ लसूणघासेला लागवडीच्या थोड्याशा नत्रानंतर युरियाची गरज नाही, स्फुरदाची आहे.

> तपासणी: मुळासकट दशरथ उपटा, गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी असेल तर ती नत्र बनवते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

टप्पा ८: जनावरापुढे टाकण्याआधी

जास्त युरिया आणि कमी वाढ एकत्र आली की नायट्रेट ताटात साठून राहतं. ज्वारीचं कडवळ, मका, बाजरी आणि नेपिअर, सगळ्यांतच हे होतं. पाण्याचा ताण, लांबलेलं ढगाळ हवामान किंवा ताणानंतर अचानक आलेला पाऊस, या वेळा घातक. गाय-म्हशीच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही.

युरिया दिल्यापासून किमान तीन आठवडे चारा कापू नका. ताण पडून पाऊस झाला असेल तर आठवडाभर थांबा. संशय असेल तर वीतभराऐवजी फूटभर बुडखा सोडून कापा, कारण नायट्रेट खालच्या ताटात सर्वाधिक असतं. उपाशी जनावराला आधी कडबा द्या, मग निम्म्याला निम्मं मिसळून हिरवं. वाळवून नायट्रेट जात नाही. मुरघासात ते बरंच कमी होतं, पण त्यासाठी तीन-चार आठवडे मुरू द्यावं लागतं.

कडबाकुट्टीतून काढलेला हिरवा ढीग रात्रभर गोठ्यात साचवून सकाळी टाकणं ही आपल्याकडची नेहमीची सोय आहे. ढीग आतून तापतो आणि नायट्रेटचं नायट्राइट ढिगातच तयार होऊ लागतं. जेवढं लागतं तेवढंच कुट्टी करा.

युरिया जास्त झालेल्या कोवळ्या नेपिअरमध्ये ऑक्झॅलेटही वाढतं आणि ते चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. दुभत्या जनावराला चाळीस-पंचेचाळीस दिवसांच्या आतलं नेपिअर एकटं घालू नका आणि खनिज मिश्रण बंद ठेवू नका.

कोवळ्या ज्वारीची किराळ मात्र वेगळी. तिथे विष हायड्रोसायनिक आम्लाचं असतं आणि ते वाळवल्याने कमी होतं. दोन्हींत जनावर धापा टाकतं, लडखडतं, खाली बसतं. नायट्रेटमध्ये रक्त चॉकलेटी दिसतं आणि हिरड्या निळसर-तपकिरी पडतात. किराळीत सुरुवातीला रक्त लालभडक असतं. इलाजही वेगळे आहेत: नायट्रेटला मिथिलीन ब्लू, किराळीला सोडियम थायोसल्फेट. ही इंजेक्शनं पशुवैद्यकानेच द्यायची आहेत आणि वेळ तासांचा नाही, मिनिटांचा असतो. चारा लगेच समोरून काढा, जनावराला पळवू-ओढू नका आणि डॉक्टरांना फोनवर तीन गोष्टी आधी सांगा: चारा कोणता, किती दिवसांचा, आणि त्याला युरिया शेवटचा कधी दिला होता.